जुन्या पुलावरचा नारळ

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. खोटी निघाली असती तर मीच देवापुढे पेढे ठेवले असते.

घडली ती माझ्या मावसबहिणीच्या, आश्लेषाच्या बाबतीत. तिने मला सांगितली तशीच सांगते.

साल २००६. ऑक्टोबरमधली एक शुक्रवारची तिन्हीसांज. अमेरिकेतलं मिनेसोटा, आणि तिथलं नदीकाठचं एक लहानसं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथे राहतात.

आश्लेषाचा नवरा शंतनू ईडन प्रेरी या उपनगरात एका आयटी कंपनीत होता. तिकडे भाडी फार म्हणून त्यांनी या गावात घर घेतलं होतं. आश्लेषा एमएस्सी झालेली, पण व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. त्यामुळे दिवसभर ती, आणि तिची पाच वर्षांची ज्ञानदा.

आणि ज्ञानदाचा खोकला.

तीनदा कोरडा खोकायची. मग छातीतून एक बारीक शिटी वाजायची. मग सगळं शांत... आणि पुन्हा तेच.

दोन महिने झाले होते. एक्स-रे झाले, रक्त तपासलं, ॲलर्जीच्या सुया टोचून झाल्या. डॉक्टर गोड हसून सांगायचे, काहीच सापडत नाही. पोरगी मात्र वाळत चालली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. शर्टाच्या आत नुसत्या फासळ्या.

एकदा तर ओठ निळे पडले. शंतनू टूरवर होता. त्या वेळी शेजारची बेव्ह धावून आली.

बेव्ह म्हणजे बेव्हर्ली लिंडक्विस्ट. सत्तरीची, एकटी, गोल चेहऱ्याची बाई. आश्लेषाला बर्फात गाडी चालवायला हिनेच शिकवलं होतं. त्या दिवशी हॉस्पिटलपर्यंत गाडी हिनेच मारली आणि सकाळपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. ज्ञानदा तिला 'बेव्ह आजी' म्हणायची. सख्ख्या नात्यातली माणसंसुद्धा इतकं करत नाहीत हो.

बेव्हला वेड एकच. गावचे पूल.

नदीवर दोन जुने पूल होते. एक दगडी खांबांचा, रेल्वेचा, त्यावरून आगगाडी जाऊन जमाना झाला होता. दुसरा लोखंडी, एका वेळी एकच गाडी जाईल असा, खाली लाकडी फळ्या. गाडी गेली की फळ्यांचा खडखडाट गावभर ऐकू यायचा. आता त्या दोघांच्या शेजारी तिसरा, सिमेंटचा पूल उभा राहिला होता. शनिवारी त्याचं उद्घाटन होतं.

बेव्ह रोज कुंपणापाशी उभी राहून त्याबद्दल सांगायची. कमिटी, मीटिंग, जुन्या लोखंडी पुलाचं काय काय ठरलं ते. आश्लेषाचं निम्मं लक्ष पोरीच्या खोकल्याकडे. "सो नाइस, बेव्ह," म्हणून ती मान हलवायची आणि आत यायची.

नीट ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. हे तिला आता रोज वाटतं.

त्या दिवसांत आश्लेषाच्या सासूबाई, शुभाताई, सहा महिन्यांसाठी तिकडे आल्या होत्या. त्यांनी नगरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. पण नातीच्या ओठांचा निळा रंग पाहिला आणि त्यांचं सगळं विज्ञान गुंडाळलं गेलं.

"आश्लेषा, मी एक सांगते. हसू नकोस."

"नाही हसत, आई."

"उतारा काढू या पोरीवरून."

आश्लेषा खरंच हसली नाही. त्या क्षणी कुणी तिला डोक्यावर शेण थापून घे म्हटलं असतं, तरी तिने घेतलं असतं.

शुक्रवारी तिन्हीसांजेला शुभाताईंनी ज्ञानदाला हॉलमध्ये पूर्वेकडे तोंड करून बसवलं. इंडियन स्टोअरमधला नारळ. त्याला हळद, कुंकू, काजळाची बोटं. दहीभात कागदी ताटलीत. त्यांनी तो सगळा ऐवज पोरीवरून उतरवला. ओठांत काही पुटपुटल्या.

मग आश्लेषाच्या हातात दिला.

"नदीपलीकडे... नाहीतर नदीवरच ठेव. पण जिथे माणसाची ये-जा नाही अशा जागी. कुणी ओलांडता कामा नये, कुणी शिवता कामा नये. शिवेल त्याच्या मागे लागतं ते."

"पाण्यातच सोडून देऊ का?"

"नको गं बाई. शंतनू म्हणत होता, नदीत काही टाकलं की इथे पोलीस येतात. आणि ऐक. येताना बोलायचं नाही. मागे वळून बघायचं नाही. काहीही झालं तरी."

आश्लेषा गाडी घेऊन नदीवर गेली. लोखंडी पुलाच्या तोंडाशी केशरी अडथळे लावले होते. 'रोड क्लोज्ड' अशी पाटी. तिला हायसं वाटलं. नवा पूल झाला म्हणजे जुना बंद. आपल्याकडे असंच असतं, जुन्या पुलावर मग फक्त गवत उगवतं. इथे आता कोण कशाला येतंय!

ती अडथळ्याच्या बाजूने आत शिरली. फळ्या पायाखाली कुरकुरत होत्या. खाली पाणी काळं दिसत होतं. पुलाच्या मध्यावर, कठड्याला लागून, तिने ताटली ठेवली. नारळ ठेवला. हात जोडले.

वळली. चालू लागली.

आणि मागून आवाज आला...

तीनदा खोकला. मग बारीक शिटी.

ती थांबली. ज्ञानदा घरी होती. आजीजवळ. हे तिला पक्कं माहीत होतं.

पुन्हा... तीनदा. मग शिटी.

अगदी मागे. पाच-सहा हातांवर. एखादं लहान पोर थंडीत उभं राहून आपल्या आईची वाट बघतंय, असा आवाज.

"कुठल्या आईला मागे वळावंसं वाटणार नाही, सांग ना," आश्लेषा मला म्हणाली. "पण मी नाही वळले. मी तिला तिथेच सोडून आले असं वाटलं मला."

गाडीत बसली तेव्हा आधी घराचीच किल्ली लावत राहिली.

घरी आली. हातपाय धुतले. ज्ञानदा सोफ्यावर गाढ झोपली होती. शुभाताई तिच्या उशाशी बसून होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

खोकला नव्हता.

त्या रात्री नाही. पहाटे नाही. सकाळी ज्ञानदाने दोन वाट्या पोहे खाल्ले आणि तिसऱ्या वाटीसाठी भांडली. शंतनूला काहीच सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "नवीन औषध लागू पडलं यार, फायनली!" आणि सगळ्यांना उद्घाटनाला चला म्हणून गाडीत कोंबलं.

सारा गाव लोटला होता. शाळेचा बँड, जुन्या मोटारी, सफरचंदाच्या गरम सायडरचे पेले. नव्या पुलावर रिबन कापली. टाळ्या झाल्या. आश्लेषा त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी मनापासून हसत होती.

मग माइकवरच्या माणसाने काहीतरी जाहीर केलं. बँड वळला. गर्दीही वळली.

लोखंडी पुलाकडे.

"तिकडे कुठे चाललेत सगळे?" आश्लेषाने विचारलं.

"अगं, जुना पूल पाडणार नाहीयेत," शंतनू म्हणाला. "वॉकिंग ट्रेल केलाय त्याचा. आजपासून सगळ्यांना ओपन. बेव्हच्या कमिटीनेच तर वाचवला. तुला सांगितलं नाही का तिने?"

सांगितलं होतं. कुंपणापाशी उभी राहून रोज सांगितलं होतं.

आश्लेषाने ज्ञानदाचा हात शंतनूच्या हातात दिला. ती धावली. पण तोवर केशरी अडथळे बाजूला झाले होते, आणि पहिलं पाऊल टाकायचा मान कुणाला दिला होता?

बेव्हला.

लाल कोट घालून ती एकटी पुढे चालत होती. मागे सगळा गाव हौसेने थांबलेला. मध्यावर ती थबकली. वाकली.

आणि दोन्ही हातांत नारळ घेऊन सरळ उभी राहिली.

दहीभात कुणा प्राण्याने साफ केला असावा, ताटलीही नव्हती. नारळ तेवढा होता. बेव्हने गर्दीत आश्लेषाला शोधलं आणि लहान मुलीसारखी हरखून तिच्याकडे आली.

"हा तुझाच ना? तुझ्या किचनमध्ये पाहिलेत मी असे. याला रंग कुणी लावलाय? कशासाठी असतो हा?"

सगळे बघत होते. शंतनूही.

खरं सांगायचं तर काय सांगायचं? माझ्या पोरीचं दुखणं मी यात घालून इथे टाकून गेले, आणि तू ते उचललंस? इंग्रजीत हे वाक्य तरी कसं करायचं?

परदेशात राहणारी आपली माणसं अशा वेळी जे सांगतात, तेच तिने सांगितलं. तोरण असो, टिकली असो, राखी असो, सगळ्याला एकच उत्तर.

"इट्स... फॉर गुड लक. पुलासाठी. आमच्याकडे पद्धत आहे."

बेव्हचे डोळे भरून आले. तिने आश्लेषाला मिठी मारली. नारळ दोघींच्या मध्ये दाबला गेला.

"तू आमच्या पुलासाठी प्रार्थना केलीस! हा मी जपून ठेवणार."

बेव्हचं अमेरिकन इंग्रजी शुभाताईंना फारसं कळत नव्हतं. पण बेव्हच्या हातात काय आहे ते दिसत होतं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात त्यांनी सुनेला गाठलं.

"परत घे ते तिच्याकडून."

"घेतलं तर काय होईल?"

शुभाताईंनी ओट्यावरचं भांडं विसळायला घेतलं.

"आई, सांगा ना. मी घेतलं तर कुठे येईल ते?"

"जिथून गेलं तिथेच येईल. आणखी कुठे?"

बाहेर अंगणात ज्ञानदा वाळक्या पानांच्या ढिगात उड्या मारत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आश्लेषा खिडकीतून बघत राहिली.

"राहू दे मग," ती म्हणाली.

शुभाताईंनी खिडकीचा पडदा ओढला. पुढच्याच आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं. जाताना त्यांनी बेव्हच्या घराकडे बघितलंसुद्धा नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला पहिला मोठा बर्फ पडला. आश्लेषा आणि ज्ञानदा दारासमोरचा बर्फ काढत होत्या. शेजारी बेव्हचं गॅरेज उघडं होतं.

आतून आवाज आला...

तीनदा. कोरडा. मग बारीक शिटी.

ज्ञानदाने हातातलं छोटं फावडं खाली ठेवलं.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "दॅट्स माय कफ."

आश्लेषाने तिला हाताला धरून घरात ओढलं आणि दार लावून घेतलं. मग टीव्ही मोठ्याने लावला.

बेव्ह वाळत गेली. एक्स-रे झाले. रक्त तपासलं. डॉक्टर तिलाही सांगायचे, काहीच सापडत नाही. डिसेंबरात तिने अंथरूण धरलं. आश्लेषा रोज डब्यात वरण-भात घेऊन जायची, तिचे केस विंचरायची, औषधं द्यायची. सगळं गाव म्हणायचं, बघा ती इंडियन मुलगी किती करते! ते ऐकलं की आश्लेषा विषय बदलायची.

कारण बेव्हच्या उशाशी, पाण्याच्या पेल्याशेजारी, तो नारळ होता.

"माझं गुड लक," बेव्ह म्हणायची, आणि खोकत खोकत त्यावर हात ठेवायची.

एका दुपारी आश्लेषाचा धीर सुटला. ज्ञानदा बाहेरच्या खोलीत कार्टून बघत होती. बेव्हला खोकल्याची मोठी उबळ आली होती, ओठ निळे पडत चालले होते. तेच ओठ, तोच रंग. आश्लेषाला ते बघवेना. हिनेच आपल्या पोरीसाठी गाडी मारली होती, हिनेच रात्र जागवली होती.

तिने पुढे होऊन नारळ उचलला.

बेव्हचा खोकला थांबला.

अर्ध्यातच. नळ बंद करावा तसा.

खोलीत शांतता... कार्टूनची गाणी तेवढी ऐकू येत होती.

आणि मग बाहेरच्या खोलीतून...

तीनदा. कोरडा. मग बारीक शिटी.

"आई!" ज्ञानदाची हाक आली. घुसमटलेली. "आई, आय कान्ट..."

आश्लेषा नारळ घेऊन उभी होती. किती वेळ, तिला माहीत नाही. फार नसावा. एक श्वास, दोन श्वास. पण त्या वेळात तिने दोघींना तोललं, आणि हे ती नाकारत नाही.

बेव्ह तिच्याकडेच बघत होती. मग तिने दाराकडे पाहिलं, जिथून तो आवाज येत होता. मग पुन्हा आश्लेषाकडे.

"लीव्ह इट, हनी," ती म्हणाली.

समजून म्हणाली, की हा जड नारळ कशाला उचलतेस या अर्थाने नुसतंच म्हणाली, ते आश्लेषाला आजतागायत कळलेलं नाही.

तिने नारळ परत ठेवला.

बाहेरचा खोकला थांबला. आतला सुरू झाला.

फेब्रुवारीत बेव्ह गेली.

चर्चमध्ये तिचा पुतण्या लहानपणीच्या आठवणी सांगून रडला. नंतर आश्लेषाजवळ येऊन त्याने तिचे दोन्ही हात धरले. "आंट बेव्ह म्हणायची, तुमच्या त्या नारळाच्या बळावरच इतके दिवस काढले. तिची इच्छा होती, म्हणून तो तिच्यासोबत पेटीत ठेवलाय."

म्हणजे आता परत घ्यायचा म्हटलं तरी उपाय उरला नव्हता. आश्लेषा मला म्हणाली, "ते ऐकलं आणि मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं बेव्हसाठी रडतेय. मी सुटले म्हणून रडत होते गं."

पण सुटली कुठे?

त्यानंतर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्ञानदा खोकतच नाही. म्हणजे अजिबातच नाही. सर्दी झाली, ताप आला, घसा बसला, तरी खोकला म्हणून नाही. घास अडकला तर तोंड लाल होतं, डोळ्यांत पाणी येतं, मान हलते... पण आवाज नाही. मूक सिनेमातल्यासारखी ती नुसती हलत राहते.

आवाज येतो. पण दुसरीकडून.

बेव्हचं घर पुतण्याने विकायला काढलं होतं. घरांचे भाव पडत होते, कुणी घेईना. कुलूप, पडदे, आत चिटपाखरू नाही. आणि उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकून ही तिघं जेवत होती, तेव्हा ज्ञानदाला आमटीचा ठसका लागला. ती लाल झाली. हलली. आवाज नाही.

मग पलीकडच्या बंद घरातून...

तीनदा. मग शिटी.

शंतनू म्हणाला, "कुणी आलंय वाटतं घर बघायला." आणि पोळीला हात घातला.

हे सगळं आश्लेषाने मला २००८ च्या मे महिन्यात सांगितलं. सुट्टीला भारतात आली होती, तेव्हा चार दिवस राहायला म्हणून नाशिकला आमच्याकडे आली. दुपारची वेळ होती. माझी आई, म्हणजे तिची मावशी, आतल्या खोलीत पंखा लावून पडली होती. ज्ञानदा आमच्यासमोर फरशीवर बसून आंबा खात होती. सांगताना आश्लेषाच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

"लाज वाटते गं सांगायला. मी रोज तिची माफी मागते, मनापासून मागते. पण तो आवाज पलीकडून आला ना, की पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडतो. इकडे नाही आला म्हणून. माफी त्यानंतर सुचते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात ज्ञानदाला ठसका लागला.

आंब्याचा रस श्वासनलिकेत गेला असावा. तोंड लालबुंद. हात गळ्याशी. मान पुढे-मागे.

आवाज नाही.

मी उठणार, तर आश्लेषाने माझं मनगट धरलं. ती पोरीकडे बघत नव्हती. मान किंचित कलती करून ती कान देऊन बसली होती. वाट बघत.

पंख्याची घरघर...

आणि मग आतल्या खोलीत माझी आई खोकली.

तीनदा. कोरडी.

मग बारीक शिटी.

ज्ञानदाने मोकळा श्वास घेतला आणि आंब्याची कोय पुन्हा तोंडात घातली. आश्लेषाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती फरशीकडे बघत राहिली. पण तिने रोखून धरलेला श्वास सुटला, तो मी ऐकला.

दुसऱ्याच दिवशी ती पोरीला घेऊन नगरला सासरी गेली. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी.

आईचा खोकला अजून आहे. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही. आई म्हणते, हवा बदलली की व्हायचंच, तू उगाच डोक्याला त्रास करून घेऊ नकोस.

परवा तिने विचारलं, "आश्लेषा अशी तडकाफडकी का गं गेली? काही बोलली का तुझ्याजवळ?"

मी तिचं पांघरूण नीट केलं.

"नाही गं आई," मी म्हटलं. "काहीच नाही."